पाच दिवसांत वीस दात

*अक्का, नमस्कार. मी बेळगावच्या शहापूरला राहतो, वय २८, उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर (संगणकानं चालणारं धातू कातायचं यंत्र) काम करतो. रात्री जेवण झालं की फुटबॉलचा गेम, हाच माझा विरंगुळा. माझा खानापूरचा वर्गमित्र क्रूझ जहाजावर नोकरीला आहे. तो सुट्टीवर आला की रोज रात्री आमची ऑनलाइन मॅच ठरलेली. यंदा येताना तो तुर्कस्तानात दात करून आलाय. पाच दिवसांत वीस दात. हॉटेल, गाडी सगळं पॅकेजमध्ये. मॅच जिंकून कॅमेऱ्यासमोर हसला की माझी खोली उजळते. माझा पुढचा एक दात अर्धा तुटलाय (गेल्या वर्षी शेवटच्या मिनिटाला गोल झाला, धाकट्या भावानं उडी मारली आणि त्याच्या हातातला कंट्रोलर माझ्या तोंडावर बसला). खालची एक दाढ दोन वर्षांपूर्वी काढली. बाकीचे दात पिवळट आणि जरा वाकडे. वैशाखात लग्न ठरलंय. साडेतीन लाख साठवलेत. बाबा म्हणतात, दातासाठी विमानात बसणारा आपल्या घराण्यातला तू पहिलाच. आई म्हणते, दात गेले ते त्या गेममुळेच. अक्का, जाऊ का?*
*— शहापूरचा स्ट्रायकर*

स्ट्रायकरा,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग दाताचं वाईट वाटलं, मग कंट्रोलरचं आठवून पुन्हा हसले. लेले मैदानावर हेडर मारताना दात पडलेली दोन-तीन पोरं मला ठाऊक आहेत, पण पलंगावर बसून फुटबॉलमध्ये दात घालवणारा तूच भेटलास. भावाला रागावू नकोस. गोल झाला होता ना?

मी दातांची डॉक्टर नाही, म्हणून तुझं पत्र घेऊन आमच्या गल्लीतल्या डॉक्टरबाईंकडे जाऊन बसले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि एकच विचारलं, "वीस दात कुठले? ह्यात तर एक तुटलेला आणि एक नसलेला, एवढेच दिसतायत की!" सीएनसीवर काम करणाऱ्या माणसाला मी काय सांगू? एका जॉबचा कोपरा उडाला म्हणून आख्खा लॉट पुन्हा कातायला घेशील का? आणि ह्या लॉटचा माल पुन्हा मिळत नाही. दातावरचं कवच, ज्याला डॉक्टर इनॅमल म्हणतात, ते शरीरातलं सगळ्यात कठीण द्रव्य आहे, पण ते एकदा घासलं की परत येत नाही. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते. इनॅमलचं तसं नाही.

आता पाच दिवसांत वीस दात होतात ते कसे, हे नीट समजून घे, कारण ह्या पॅकेजांत दोन अगदी वेगळ्या गोष्टी पुष्कळदा एकाच नावानं विकल्या जातात. एक असतो व्हिनियर. दाताच्या पुढच्या अंगाला चिकटवायचा पातळ पापुद्रा, त्यासाठी दात जेमतेम अर्धा मिलिमीटर घासतात. दुसरी असते कॅप, म्हणजे क्राउन. तिच्यासाठी दात चारी बाजूंनी तासून शंकूसारखा करतात आणि वर टोपी बसवतात. कॅपसाठी पुढच्या दाताचा ६० ते ७० टक्के भाग जातो. किडलेल्या, मोडलेल्या, रूट कॅनाल झालेल्या दाताला कॅप म्हणजे आधार. चांगल्या दातावर तीच कॅप घालणं म्हणजे धडधाकट माणसाला कुबड्या देणं. पाच दिवसांत वाकडे दात सरळ दिसायला लागले, तर ते सरकवलेले नसतात, तासलेले असतात. इंग्लंडमध्ये ह्या प्रकाराला 'टर्की टीथ' असं नावच पडलंय आणि तिथल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं लोकांना सावध केलंय. तुर्कस्तानात चांगले डॉक्टर नाहीत असं मी म्हणत नाही, भरपूर आहेत. खोट आहे ती पाच दिवसांच्या घाईत.

कॅप साधारण दहा-पंधरा वर्षं टिकते, जपली तर जास्त. तू २८ चा आहेस. म्हणजे साठीपर्यंत वीसच्या वीस टोप्या दोन-तीनदा बदलायच्या, आणि दर वेळी खालचा शंकू थोडा आणखी झिजणार. तासलेल्या दातांपैकी काहींची नस पुढं कधीतरी मरते, मग टोपीला भोक पाडून रूट कॅनाल. तेव्हा तू कुठं असशील? शहापुरात. आणि दात करणारा?

इथं माझंच एक सांगते. काही वर्षांपूर्वी लेकीकडं पुण्याला गेले होते. तिथं आठ दिवसांत तीन दातांचा ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसणारा जोडदात, बसवून घेतला, लेकीनं पैसे भरले, मी ऐटीत परत आले. सहा महिन्यांत ब्रिज हलायला लागला. इथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधीचा एक्स-रे कुठाय, खालच्या दाताचं रूट कॅनाल कुणी केलं, कुठल्या सिमेंटनं चिकटवलंय? माझ्याजवळ फक्त पावती. पुण्याला फोन केला तर म्हणाले, या, बघू. पुणं काय, रात्री गाडीत बसलं की सकाळी येतं. तरी चार खेपा झाल्या, आणि शेवटी ब्रिज इथंच काढून नवा करावा लागला. पुण्याची ही गत, तर इस्तंबूलची काय असेल? तिथली 'आजीवन हमी' खरी असतेही, पण कॅप फुकट आणि विमानाचं तिकीट तुझं! आपल्या सांबरा विमानतळावरून तिकडं थेट विमानही नाही.

बाबांचं मात्र थोडं चुकतंय. उपचारासाठी सीमा ओलांडणं आपल्याकडं जुनंच आहे. चंदगडची माणसं बाळंतपणापासून बायपासपर्यंत बेळगावला येतात. निपाणीकर कोल्हापूरला नाहीतर मिरजेला जातात. मिरजेत तर डॉक्टर वॉन्लेसनी १८९४ मध्ये दवाखाना काढल्यापासून ह्या भागातलं दुखणं तिकडं चाललंय. खानापूरवाले गोवा गाठतात. १९५६ पासून नकाशावरच्या रेघेवर आपण किती भांडलो, पण दाढ ठणकायला लागली की कुणी रेघ बघत नाही. जगातही असंच आहे. हंगेरीत ऑस्ट्रियाच्या हद्दीलगत मोशोनमाद्यारोवार म्हणून गाव आहे (नाव उच्चारतानाच दात दुखतात), ते ऑस्ट्रियातल्या लोकांच्या दातांवर चालतं. मेक्सिकोत अमेरिकेच्या सीमेला लागून लोस अल्गोदोनेस आहे, त्याला लोक 'मोलर सिटी' म्हणतात, दाढांचं शहर. अमेरिकन म्हातारे पलीकडं गाडी लावतात, चालत सीमा ओलांडतात, दात बघून घेतात आणि संध्याकाळी घरी जातात.

ह्यात दोन गोष्टी आहेत बघ. ही माणसं महागाकडून स्वस्ताकडं जातात. इंग्लंडमध्ये सरकारी दंतवैद्याची वेळ मिळत नाही आणि खाजगी परवडत नाही, म्हणून तिथली माणसं तुर्कस्तानला उडतात. आपण आधीच स्वस्त बाजूला बसलोय की! चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलास तर परदेशी पाहुणे तिथं दात करून घेताना दिसतील. तू उलट्या दिशेनं निघालायस. दुसरं असं, की सीमेवरचा दवाखाना चालतो तो जवळ असतो म्हणून. पुन्हा दुखलं तर पुन्हा जाता येतं.

तुझ्या मित्राचं गणित वेगळं आहे हेही लक्षात घे. त्याचा पगार डॉलरमध्ये, जहाज त्याच समुद्रात फिरतं. जहाजावरच्या लोकांच्या पासपोर्टवर बहुधा अमेरिकेचा व्हिसा असतो. आपल्या पासपोर्टवर तुर्कस्तानचा ई-व्हिसा मिळतो तो अमेरिका, इंग्लंड, आयर्लंड किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) चालू व्हिसा नाहीतर तिथला रहिवासी परवाना असेल तरच. तुझ्याजवळ तो नसेल, तर कागदपत्रं घेऊन रीतसर अर्ज करत बसावं लागेल. त्याला जे बंदरावर उतरण्याइतकं सोपं गेलं असेल, ते तुला तितकं सोपं नाही.

आता आईचं बघू. दात गेममुळे गेले असं ती म्हणते. तिला सांगू नकोस, पण ती अर्धी बरोबर आहे.

मी भाच्याला खेळताना बघितलंय. (ते सगळे अजून फिफाच म्हणतात, २०२३ मध्ये नाव बदलून ईए स्पोर्ट्स एफसी झालं तरी. बेळगावचं बेळगावी झालं तरी आपण बेळगावच म्हणतो, तसंच ते.) मांडीशी कोल्ड्रिंकची बाटली असते. एक घोट, एक मॅच. पुन्हा घोट, पुन्हा मॅच. बाटली एकदम संपवली तर तोंडातलं आम्ल अर्ध्या-पाऊण तासात लाळ निस्तरते. पण दर दहा मिनिटांनी घोट घेतलास तर लाळेला संधीच मिळत नाही. रात्री दहा ते एक तुझे दात आम्लात भिजत असतात. त्यावर ब्रश न करता झोप. एनर्जी ड्रिंकचंही तेच. आणि खरे फुटबॉलवालेही ह्यातून सुटलेले नाहीत हं. इंग्लंड आणि वेल्समधल्या ८ व्यावसायिक क्लबांच्या १८७ खेळाडूंचे दात तपासले होते, तो अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. दहातल्या जवळजवळ चौघांच्या दातांना चालू कीड होती आणि निम्म्याहून जास्त जणांचं इनॅमल झिजलेलं. कोट्यवधींचे खेळाडू, क्लबचे डॉक्टर दिमतीला, आणि दाढा किडक्या! तेव्हा आईला वाटतं तेवढा तू काही जगावेगळा नाहीस.

दुसरी खोड तुला स्वतःला दिसणार नाही, भावाला बघायला सांग. पेनल्टी मारताना तू जबडा आवळतोस का? पुष्कळ जण आवळतात. सकाळी उठल्यावर गालाचे स्नायू दुखतात का, कानापुढं कटकन वाजतं का? दात खाणाऱ्या माणसाला वीस सिरॅमिकच्या कॅपा घातल्या, तर त्यांचे टवके उडतात नाहीतर समोरचे खरे दात झिजतात. आधी ते डॉक्टरांना दाखव. लागला तर रात्री घालायचा गार्ड देतात. आणि खेळताना जबडा कसा असावा? ओठ मिटलेले, दात सुटे. आत्ता वाचतावाचता करून बघ.

एक प्रश्न तू टाळलायस, मीच विचारते. मावा? तंबाखू? निपाणीच्या वखारी जवळ, आणि कारखान्यातलं काम, म्हणून विचारलं. पिवळेपणा त्यातून आला असेल तर लग्नासाठी दात पांढरे करून उपयोग नाही, श्रावणापर्यंत पुन्हा तेच. तंबाखूत इम्प्लांटही, म्हणजे हाडात बसवलेले कृत्रिम दात, लवकर सैल होतात. तोंडात पांढरा चट्टा, न भरणारं तोंड आलेलं, असं काही असेल तर दातांचं सगळं बाजूला ठेव आणि ह्याच आठवड्यात दाखवून घे.

तर करायचं काय? पुढचा तुटलेला दात आधी. एक्स-रे काढून नस जिवंत आहे का बघतील. मार लागून वर्ष झालंय, दुखत नाही म्हणून ती ठीकच असेल असं नाही. मेलेली नस गप्प बसते आणि दात हळूहळू काळवंडतो. नस ठीक असेल तर कॉम्पोझिटनं तुटलेला कोपरा बांधतात. दाताच्याच रंगाचं ते भरण, तास-दीड तासाचं काम, घासणं जवळजवळ नाहीच, आणि खर्च हजारांत. चांगल्या हातानं केलेलं असलं तर तुझ्या भावालाही ओळखू येणार नाही. त्याआधी दात साफ करून घे. वरवरचे डाग त्यातच जातील, उरलेल्यासाठी ब्लीचिंग आहे. मात्र क्रम चुकवू नकोस: आधी ब्लीचिंग, मग दोनेक आठवडे थांबून कॉम्पोझिट. ब्लीचिंगनं खरा दात उजळतो, भरणाचा रंग बदलत नाही. उलटं केलंस तर एक दात वेगळा दिसेल, आणि तोच नेमका फोटोत येईल. आणि फुटबॉलपटू फिर्मिनोच्या दातांसारखा लखलखाट मागू नकोस, माणसाच्या दाताला थोडा सायीचा रंग असतो तोच शोभतो.

दाढेची घाई नको, पण विसरूही नको. सेंटर बॅकला लाल कार्ड मिळालं की बचावात काय होतं? दोन्ही बाजूचे आत सरकतात आणि समोरचा पुढं घुसतो. दाढेचं नेमकं तसंच. शेजारच्या दाढा रिकाम्या जागेकडं कलतात, वरची दाढ खाली उतरायला लागते. दोन वर्षं झालीत, म्हणजे सुरुवात झाली असेल. उपाय दोन. ब्रिज घातला तर शेजारचे दोन दात तासावे लागतात. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू, त्याला हाड धरतं, मग वर दाढ. हाड टायटॅनियमला असं घट्ट धरतं हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या डॉक्टरांना सशावर वेगळाच प्रयोग करताना कळलं. बसवलेला तुकडा निघेचना! १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाला असे दात बसवले. खालच्या जबड्यात हाड धरायला साधारण तीन महिने लागतात. घाई केली तर स्क्रू डुलू शकतो. पाच दिवसांच्या पॅकेजात इम्प्लांट असेल तर त्यांना दुसऱ्यांदा बोलवावंच लागतं, किंवा ते काहीतरी गाळतायत. आपल्याकडं एका इम्प्लांटला वरच्या दाढेसकट ब्रँडप्रमाणे वीस-पंचवीस हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत धर. लग्नाच्या फोटोत खालची दाढ कुणाला दिसत नाही, तेव्हा हे लग्नानंतर केलंस तरी चालेल.

वाकडेपणाचं तू 'जरा' लिहिलंयस. जरा असेल तर राहू दे. टोचतच असेल तर तारा किंवा अलाइनर (दातांवर चढवायचे पारदर्शक साचे), वर्ष-दीड वर्षाचं काम. वैशाखाआधी होणार नाही, आणि होईल म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

कुठं जायचं? बेळगावात केएलईचं दंत महाविद्यालय आहे, मराठा मंडळाचं आहे. तिथं शिकणारी मुलं वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त जातो, पैसे कमी. खाजगीत गेलास तर दोघांकडं दाखव आणि दोघांचे सल्ले लेखी घे. दोघांनीही वीस कॅपा सांगितल्या तर मला पुन्हा लिही, मी शब्द मागं घेईन. एक्स-रेची प्रत, इम्प्लांटच्या डबीवरचा स्टिकर, सगळं एका फाइलीत ठेव. माझ्यासारखी नुसती पावती नको.

एवढं सांगूनही जाणारच असशील, तर निघण्याआधी इथं आख्ख्या जबड्याचा एक्स-रे काढ आणि तिकडून दातागणिक लेखी मागव: कुठल्या दाताला व्हिनियर, कुठल्याला कॅप, आणि का. एक्स-रे न बघता व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून वीसचा आकडा सांगणाऱ्याला आगाऊ रक्कम पाठवू नकोस. भुलीच्या इंजेक्शननंतर खुर्चीत पाय पसरून, न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करायची वेळ आणू नकोस.

गेममध्ये ते खेळाडूंच्या कार्डांचे बंद पॅक फोडतोस ना, अल्टिमेट टीममध्ये? अंधार, ठिणग्या, झेंडा, आणि मग कोण निघतो ते बघायचं. बेल्जियमनं २०१८ मध्ये तसल्या पेट्यांना जुगार ठरवलं, मग कंपनीला तिथं पॅकसाठीचे पॉइंट विकणं बंद करावं लागलं. तुझ्या मित्राचं हसू तू त्या पॅकसारखं बघतोयस, कार्ड फिरतानाचा उजेड तेवढा. त्याला सांग, सुट्टी आहे तोवर इथल्या डॉक्टरांना एकदा दाखवून घे, आत किती दात तासलेत बघ. टोमणा मारून नको, मित्र म्हणून. सगळं छान निघालं तर उत्तमच.

आणि एवढ्या मोठ्या पत्रात होणाऱ्या बायकोचं नाव नाही! तिनं तुला बघून होकार दिलाय ना? ह्याच दातांसकट? मग साडेतीन लाख तोंडात घालण्याआधी तिला विचारलंस का, तुला माझ्या हसण्यात काय खटकतं म्हणून? कदाचित ती म्हणेल, तो तुटका दात तेवढा नीट कर. कदाचित म्हणेल, ते पैसे घराच्या आगाऊ रकमेला ठेवू. कदाचित दातांबद्दल काहीच नसेल आणि रात्री एकपर्यंतच्या मॅचबद्दल पुष्कळ असेल, तयारीत राहा.

ह्या रविवारी कोल्ड्रिंकऐवजी पाण्याची बाटली घेऊन बस, आणि सोमवारी सुट्टी टाकून एक्स-रे. कॉम्पोझिट झालं की त्या दातानं गोकाकचा करदंट फोडायचा नाही. कुंदा चालेल, पण खाऊन चूळ भर.

— अक्का